पाच डॉलरचा चेंडू आणि एका खेळाची बनावट जन्मकथा

ऑगस्ट २०२४. हेरिटेज ऑक्शन्स या अमेरिकी लिलावगृहाने एक जुना, करड्या रंगाचा खेळाडूचा सदरा विकला. किंमत आली २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलर. क्रीडाजगतातील कोणत्याही स्मृतिवस्तूला तोवर एवढा भाव मिळाला नव्हता. सदरा बेसबॉलपटू बेब रूथचा होता. १ ऑक्टोबर १९३२ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्डवर, वर्ल्ड सीरिजच्या तिसऱ्या सामन्यात त्याने अंगात घातलेला.

त्या सामन्याच्या पाचव्या डावात रूथने हात उंचावला आणि पुढे लगेच चेंडू मध्य-मैदानाच्या कुंपणापलीकडे भिरकावला. आख्यायिका अशी की, चेंडू कुठे मारणार ती जागा त्याने आधीच बोटाने दाखवली होती. प्रतिस्पर्धी पिचर चार्ली रूट याने हे अखेरपर्यंत नाकारले. दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक वृत्तपत्रांत या भाकिताचा मागमूस नाही. पुढे एका प्रेक्षकाने घेतलेले घरगुती चित्रीकरण उजेडात आले. त्यात हात वर जाताना दिसतो, पण तो मैदानाकडे आहे, पिचरकडे आहे की शिव्या घालणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूंकडे, हे काही केल्या ठरत नाही. स्वतः रूथ वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगत राहिला.

म्हणजे सदरा अस्सल. पण ज्या कृतीमुळे त्या सदऱ्याला एवढी किंमत आली, ती कृती घडली की नाही हे अनिर्णित. वस्तू खरी असणे आणि वस्तूला चिकटलेली गोष्ट खरी असणे, या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. बेसबॉलच्या इतिहासाने या दोहोंची जेवढी गल्लत केली, तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या खेळाने केली असेल. हा धागा त्या गल्लतीविषयी आहे, आणि त्या गल्लतीची किंमत कोणी मोजली याविषयीही.

प्रारंभ एका चेंडूपासून करावा लागतो.

न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचे लहानसे तळ्याकाठचे गाव आहे. तेथील नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयात एक काळवंडलेला, शिवण उसवलेला, आतले सारण बाहेर डोकावणारा चेंडू जपून ठेवला आहे. त्याला ‘डबलडे बॉल’ म्हणतात. १९३० च्या दशकाच्या मध्यास जवळच्या फ्लाय क्रीक या खेड्यात एका शेतघरातील जुन्या पेटीत तो सापडला. स्टीफन क्लार्क या स्थानिक धनिकाने तो पाच डॉलरला विकत घेतला. क्लार्क घराण्याची संपत्ती सिंगर शिवणयंत्रांतून आलेली. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आजीच्या खोलीत जे काळे, सोनेरी नक्षीचे यंत्र असे, त्याच कंपनीतून. याच चेंडूभोवती आधी एक छोटे प्रदर्शन मांडले गेले, मग १९३६ मध्ये पहिले पाच मानकरी निवडले गेले (टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन, वॉल्टर जॉन्सन) आणि १२ जून १९३९ रोजी संग्रहालयाचे थाटात उद्घाटन झाले. अमेरिकी टपाल खात्याने त्याच दिवशी बेसबॉलच्या ‘शताब्दी’चे तीन सेंटचे तिकीट काढले.

शताब्दी कसली? तर १८३९ मध्ये याच गावात अब्नर डबलडे नावाच्या तरुणाने बेसबॉलचा शोध लावला, याची.

अब्नर डबलडे हा खरा, आणि मोठाही माणूस. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटरच्या किल्ल्यातून बंडखोर दक्षिणेच्या माऱ्याला जी पहिली तोफ डागून उत्तर दिले गेले, ती डागणारा हाच अधिकारी. पुढे तो गेटिसबर्गलाही लढला. पण १८३९ मध्ये तो कूपर्सटाउनात नव्हता. वेस्ट पॉइंटच्या लष्करी प्रबोधिनीत तो १८३८ मध्ये दाखल झाला होता. त्याने विपुल लिहून ठेवले. त्यात बेसबॉलचा जनक असल्याचा एका अक्षराचाही दावा नाही. आपल्या मैदानी छंदांविषयी लिहिताना त्याला आठवतात ते लहानपणापासूनचे नकाशे काढणे आणि भूप्रदेशाचे निरीक्षण. १८९३ मध्ये तो वारला, तेव्हा आपण एका राष्ट्रीय खेळाचे जनक होणार आहोत याची त्याला सुतराम कल्पना नव्हती.

मग हे पितृत्व त्याच्या माथी आले कोठून?

हेन्री चॅडविक हा जन्माने इंग्रज, पण बेसबॉलच्या वार्तांकनाचा आद्य पुरुष. सामन्याचे आकडे चौकटीत मांडायची ‘बॉक्स स्कोअर’ची पद्धत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्याचेच. १९०३ मध्ये त्याने लिहिले की बेसबॉल हा इंग्लंडमधल्या मुलांच्या ‘राउंडर्स’ या खेळातून उत्क्रांत झाला. हे वाचून त्याचाच मित्र अल्बर्ट स्पॉल्डिंग अस्वस्थ झाला. स्पॉल्डिंग एके काळचा नामांकित पिचर आणि आता क्रीडासाहित्याचा सर्वांत मोठा व्यापारी. १८८८-८९ मध्ये त्याने बेसबॉलपटूंचा ताफा जगभर फिरवला होता. कोलंबोत आणि इजिप्तच्या पिरॅमिडांपाशी सामने खेळवले होते. ताफा परतल्यावर एप्रिल १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेलमोनिकोज उपाहारगृहात जी मेजवानी झाली, तीत ए. जी. मिल्स याने बेसबॉल हा निखळ अमेरिकी खेळ असल्याचे सांगताच उपस्थितांनी राउंडर्सच्या निषेधाच्या आरोळ्या ठोकल्या होत्या. मार्क ट्वेनही त्या पंगतीला होता.

१९०५ मध्ये स्पॉल्डिंगच्या पुढाकाराने बेसबॉलचे मूळ शोधण्यासाठी एक आयोग नेमला गेला. त्याचा अध्यक्ष कोण? तर तोच मिल्स. निकाल आधी आणि चौकशी नंतर, असा हा प्रकार.

आयोगाच्या हाती जो ‘पुरावा’ लागला, तो म्हणजे अब्नर ग्रेव्ह्ज नावाच्या डेन्व्हरच्या एका वृद्ध खाण-अभियंत्याने ओहायोतील एका वृत्तपत्राला लिहिलेले पत्र. डबलडेने आपल्या डोळ्यांदेखत कूपर्सटाउनात या खेळाची आखणी केली, असा त्याचा दावा. १८३९ मध्ये हा साक्षीदार पाच वर्षांचा होता आणि साक्ष देत होता साठाहून अधिक वर्षांनी. आयोगाने त्याची उलटतपासणी घेतली नाही. कोणताही समकालीन कागद मागितला नाही. मिल्स आणि डबलडे एकमेकांचे परिचित होते. डबलडेचे पार्थिव न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमध्ये ठेवले होते तेव्हा मानवंदनेच्या पथकाची व्यवस्था मिल्सकडेच होती. इतक्या वर्षांत मित्राने आपल्याजवळ या शोधाचा उल्लेखही का केला नाही, हा प्रश्न मिल्सला पडायला हवा होता. ३० डिसेंबर १९०७ चा त्याचा अहवाल मात्र उपलब्ध पुराव्याच्या आधारे डबलडे यालाच जनक ठरवून मोकळा झाला. ग्रेव्ह्जचा शेवट तर शोकान्त आहे : १९२४ मध्ये त्याने पत्नीला गोळी घातली आणि उरलेले दिवस मनोरुग्णालयात काढले.

येथे मुंबईशी जोडलेला एक धागा लागतो. डबलडे थिऑसॉफिस्ट होता. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले, गिरगावात राहिले आणि त्याच वर्षी तेथून ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू केले, हे ठाऊक असते. ते निघाले तेव्हा न्यूयॉर्कमधल्या मागे उरलेल्या सोसायटीची हंगामी सूत्रे ज्याच्या हाती दिली गेली, तो म्हणजे हाच अब्नर डबलडे. आणि स्पॉल्डिंगची दुसरी पत्नी कट्टर थिऑसॉफिस्ट. ते दांपत्य कॅलिफोर्नियात पॉइंट लोमाच्या थिऑसॉफिस्ट वसाहतीत राहायला गेलेले. एवढ्यावरून बेसबॉलची जन्मकथा हा एखादा पंथीय कट होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनावर होतो. तो आवरलेला बरा. परिचित आणि आदरणीय नावावर लोकांचा विश्वास चटकन बसतो, इतकेच यातून निघते. त्यापुढचे अनुमान म्हणजे ग्रेव्ह्जच्याच वाटेने जाणे.

मराठी इतिहासाच्या वाचकाला हे सारे परके वाटू नये. घटनेनंतर दोन-तीन पिढ्यांनी लिहिलेली बखर आणि घटनेच्या आठवड्यात लिहिलेले पत्र, यांतला फरक आपल्याकडे राजवाड्यांच्या पिढीपासून बजावला जातो आहे. ग्रेव्ह्जचे पत्र ही बखर होती. फरक एवढाच की आपल्याकडच्या बखरीला शोकेसमध्ये ठेवण्याजोगा चेंडू सहसा मिळत नाही.

आणि तो चेंडू? त्या पेटीचा ग्रेव्ह्जशी संबंध जोडला गेला, ग्रेव्ह्जचा डबलडेशी आधीच जोडलेला होता. बस्स, साखळी पूर्ण झाली. चेंडूवर ना नाव, ना साल. चेंडू जुना आहे, यापलीकडे त्याविषयी खात्रीने काही म्हणता येत नाही.

वास्तविक कागद होते, आणि ते बोलके होते. १७४४ मध्ये लंडनच्या जॉन न्यूबेरीने छापलेल्या मुलांच्या एका छोट्या पुस्तकात ‘बेस-बॉल’ हा शब्द चित्रासह येतो. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ची नायिका लहानपणी हा खेळ खेळते. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्ड गावाने १७९१ मध्ये नव्या सभागृहाच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून त्याच्या ऐंशी यार्डांच्या आत जे चेंडूचे खेळ खेळायला मनाई केली, त्यांत बेसबॉल नाव घेऊन आहे. हा ठराव २००४ मध्ये इतिहासकार जॉन थॉर्न यांच्यामुळे प्रकाशात आला. डबलडेच्या जन्माआधी अट्ठावीस वर्षे ज्या खेळाने खिडक्या फोडून लोकांना वैताग आणला होता, त्याचा शोध डबलडे कसा लावणार? खिडक्यांच्या काळजीपोटी लिहिलेल्या त्या रुक्ष ठरावाचे मोल या विषयात त्या चेंडूहून शतपटीने अधिक आहे. पण ठराव पाहायला कोणी सहकुटुंब सहलीला जात नाही.

एक बखर कोसळली की तिच्या जागी दुसरी उभी राहते, हेही इथे दिसते. डबलडे मागे पडला तसा अलेक्झांडर कार्टराइट पुढे आला. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये नियम लिहून काढले, कार्टराइट त्या क्लबचा सभासद होता, हे खरे. परंतु हॉल ऑफ फेममधील त्याच्या ताम्रपटावर नऊ डाव, नऊ खेळाडू आणि नव्वद फुटांचे अंतर यांचेही श्रेय त्याला दिलेले आहे. हे तिन्ही १८५७ च्या बैठकीत ठरले. कार्टराइट १८४९ मध्येच न्यूयॉर्क सोडून पश्चिमेकडे आणि तेथून हवाईला गेला होता. खेळ हळूहळू, अनेकांच्या हातून घडतो हे मानायला माणसे तयार नसतात. त्यांना जनक लागतो, जन्मतिथी लागते, आणि जमल्यास एखादा चेंडू.

संग्रहालय आज डबलडेला जनक मानत नाही. त्याची मानकऱ्यांत गणनाही नाही. ‘मग बिघडले काय, एक निरुपद्रवी दंतकथा’ असे म्हणणारे बरेच आहेत. या धाग्याचे म्हणणे नेमके उलट आहे. बिघडले बरेच, आणि ते पुढे येते आहे.

त्याआधी कार्डांविषयी, कारण बेसबॉलच्या स्मृतिवस्तू म्हटल्या की प्रथम कार्डेच आठवतात.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची छोटी रंगीत कार्डे घातली. त्या पाचशेहून अधिक कार्डांच्या मालिकेला संग्राहक ‘टी-२०६’ म्हणतात. तीत पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचे कार्ड दुर्मीळ आहे. त्याने आक्षेप घेतल्याने छपाई लवकर थांबली आणि आज साठेकच प्रती ज्ञात आहेत. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने नकार दिला, ही कथा लोकप्रिय. मानधन न मिळाल्याने दिला, ही दुसरी. वॅग्नर स्वतः तंबाखू खात असे, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

त्यातली एक प्रत विलक्षण टोकदार, करकरीत कडांची. १९८५ मध्ये बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने ती २५ हजार डॉलरना घेतली. १९९१ मध्ये आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झ्की याने भागीदारासह ती ४ लाख ५१ हजारांना घेतली. कार्डांची प्रतवारी करणाऱ्या कंपनीने तिला दहापैकी आठ गुण दिले आणि आपला पहिला अनुक्रमांक बहाल केला. २००७ मध्ये ती २८ लाख डॉलरना विकली गेली. सिगारेटच्या पाकिटातून आलेले, शंभर वर्षे वयाचे पुठ्ठ्याचे कार्ड इतके निष्कलंक कसे, अशी कुजबुज वर्षानुवर्षे चालू होती. २०१३ मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयात मॅस्ट्रो यांनी कबुली दिली : कडा आपणच कापल्या होत्या. लिलावांत खोट्या बोली लावून भाव फुगवल्याबद्दल त्यांना पुढे वीस महिन्यांचा कारावासही झाला.

गंमत पुढे आहे. त्या कबुलीनंतरही वॅग्नरच्या बाजाराला धक्का बसला नाही. दुसरी, सरळसरळ झिजलेली प्रत ऑगस्ट २०२१ मध्ये ६६ लाख ६ हजार डॉलरना आणि आणखी एक त्याच्या पुढच्या वर्षी ७२ लाख ५० हजारांना गेली. वस्तूंच्या या बाजारात गुन्हेगारी किती खोल मुरली आहे याची कल्पना एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ या १९९० च्या दशकाअखेरच्या मोहिमेवरून यावी. सह्या बनवणाऱ्या त्या टोळीच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल होते. कोलकात्याच्या त्या संन्यासिनीने बेसबॉलवर सह्या का आणि कधी केल्या असतील, हा प्रश्न एकाही गिऱ्हाइकाला पडू नये?

या साऱ्या गोंगाटात एका माणसाचे नाव फारसे ऐकू येत नाही. जेफरसन बर्डिक. सिरॅक्यूजमध्ये विजेचे भाग जुळवण्याचे काम करणारा साधा कामगार, अविवाहित, संधिवाताने सांधे धरलेले. ‘टी-२०६’ हे नाव त्याचेच. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातील तंबाखूची कार्डे. ज्या काळात प्रौढ माणसाने कार्डे जमवणे हा वेडेपणा समजला जाई, त्या काळात, म्हणजे १९३० च्या दशकापासून, त्याने अमेरिकेत छापल्या गेलेल्या यच्चयावत कार्डांची सूची तयार केली. त्याच्या सूचीत वॅग्नरचा भाव होता ५० डॉलर, आणि तोही त्या काळी डोळे विस्फारायला लावणारा.

बर्डिकने आपला संग्रह विकला नाही. १९४७ पासून त्याने तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टला दिला. तीन लाखांहून अधिक नग; त्यांत बेसबॉलची कार्डे तीस हजारांवर. संग्रहालयाची अट अशी की त्याने स्वतः येऊन सारे लावून द्यावे. तो येत राहिला. मुद्राचित्रांच्या विभागात एका मेजाशी बसून, वाकलेल्या बोटांनी एकेक कार्ड वह्यांत चिकटवत राहिला. होय, डिंकाने! आजच्या संग्राहकाला हे वाचून भोवळ येईल. चिकटवलेल्या कार्डाचा बाजारभाव मातीमोल. पण बर्डिकला भाव टिकवायचा नव्हता, क्रम टिकवायचा होता : कोणते कार्ड कोणत्या मालिकेतले, कोणी छापले, कोणत्या मालाबरोबर दिले. १० जानेवारी १९६३ रोजी त्याने शेवटचे काम हातावेगळे केले आणि दोन महिन्यांत तो वारला.

मॅस्ट्रोची कात्री आणि बर्डिकचा डिंक. दोघांनीही मूळ वस्तूला हात लावला. एकाने खाणाखुणा पुसण्यासाठी, दुसऱ्याने त्या कायम राहाव्यात म्हणून. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणाला गुरू मानावे, यावर वाद व्हायचे कारण नाही.

आता मूळ प्रश्न : दंतकथेने बिघडले काय?

ज्या व्यवस्थेने एका पाच वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर संग्रहालय उभारले, त्याच व्यवस्थेने कृष्णवर्णीय खेळाडूंकडे मात्र पुराव्याची पराकाष्ठा मागितली. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून त्यांना प्रमुख संघांत प्रवेश नव्हता. म्हणून १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीत रूब फॉस्टरच्या नेतृत्वाखाली निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. (नाव त्या काळचे, इतिहासात तसेच वापरले जाते.) पुढची जवळजवळ तीन दशके या लीगांतून असे खेळाडू खेळले, ज्यांची गणना सर्वश्रेष्ठांत व्हावी. १९६९ मध्ये बेसबॉलच्या अधिकृत समितीने कोणत्या लीगा ‘प्रमुख’ मानाव्यात हे ठरवले. सहा नावे निश्चित झाली. त्यांत १८८४ ची युनियन असोसिएशन होती. ती एकच हंगाम चालली. तिच्यातला विल्मिंग्टनचा संघ अठरा सामने खेळून, त्यांतले सोळा हरून विसर्जित झाला. त्या अठरा सामन्यांतला प्रत्येक फटका अधिकृत इतिहासात जमा आहे. निग्रो लीगांचा विचारही झाला नाही. नाकारल्या असत्या तर निदान कारणे तरी नोंदवावी लागली असती.

१९७१ मध्ये हॉल ऑफ फेमने सॅचेल पेजला निवडले, ते आधी वेगळ्या दालनात बसवण्याच्या बेताने. लोक संतापले तेव्हा बेत बदलला. पुढच्या वर्षी जॉश गिब्सनची निवड झाली, मरणोत्तर.

गिब्सन कॅचर होता, आणि फटका असा की त्याच्या होम रनच्या कथा आजही सांगितल्या जातात. २० जानेवारी १९४७ रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला आणि वर्णभिंत कोसळली. पिट्सबर्गच्या स्मशानभूमीत गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो खेळत असताना अमेरिकेतल्या बड्या कार्ड-कंपन्यांनी त्याचे कार्ड छापले नाही. डिंकाने चिकटवायलाही बर्डिकच्या हाती गिब्सन नव्हता. स्मृतिवस्तूंवर इतिहास तोलला की असे होते : ज्यांची चित्रे छापण्याजोगी कोणाला वाटली नाहीत, ते दोनदा वगळले जातात. आधी मैदानातून, मग आठवणीतून.

त्यांच्यासाठी उरले ते कागद. ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतले बॉक्स स्कोअर. संशोधकांनी वर्षानुवर्षे सूक्ष्मपट धुंडाळून, अस्पष्ट छपाईशी झुंजून, एकेक सामना जुळवला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ दरम्यानच्या सात निग्रो लीगांना ‘प्रमुख’ दर्जा दिला. मे २०२४ मध्ये, थॉर्न यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या छाननीनंतर, दोन हजार तीनशेहून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदीत आले. गिब्सनची कारकिर्दीची फलंदाजी सरासरी ०.३७२ ठरली, टाय कॉबची ०.३६७ मागे पडली. १९४३ च्या हंगामातली ०.४६६ ही एका हंगामातली सर्वोच्च ठरली.

आक्षेप लगेच आले. नोंदी अपुऱ्या आहेत, हंगाम छोटे होते, हा केवळ अपराधगंडाचा उद्योग आहे. पहिले दोन मुद्दे वस्तुस्थितीला धरून आहेत. नोंदी सुमारे ७५ टक्केच मिळाल्या आहेत, असे समितीनेच सांगितले. छोट्या हंगामात सरासरी फुगते, हेही गणित म्हणून बरोबर. पण २०२० च्या महासाथीत प्रमुख संघांनी साठ सामन्यांचाच हंगाम खेळला आणि त्याचे आकडे कोणी वगळले नाहीत. विल्मिंग्टनचे अठरा सामने वर आलेच आहेत. निकष लावायचा तर सर्वांना लावावा. एकाला चाळणी आणि दुसऱ्याला सूप, हा न्याय नव्हे.

तिसऱ्या मुद्द्याला उत्तर एका आकड्यात आहे. गिब्सनच्या हॉल ऑफ फेममधील ताम्रपटावर जवळजवळ आठशे होम रन लिहिलेले आहेत. कृपा करायची असती तर हा आकडा तसाच उचलता आला असता. अधिकृत नोंदीत आले १७४. गावोगावच्या प्रदर्शनीय सामन्यांतले, कागद न सापडलेले, केवळ ऐकीव असे सारे गाळले. सहाशेहून अधिक होम रन आपल्याच नायकाच्या खात्यातून वजा करणाऱ्या संशोधकांवर भावविवशतेचा आरोप कोण करणार? मिल्स आयोगाने १९०७ मध्ये जे करायला हवे होते, ते या मंडळींनी २०२४ मध्ये केले.

कूपर्सटाउनचा चेंडू काढून टाकावा असे म्हणणाऱ्यांशी मात्र सहमत होता येत नाही. तो राहावा. एखादे राष्ट्र स्वतःचा भूतकाळ कसा रचते, याचे इतके बोलके साधन दुसरे नाही. फक्त त्याच्याशेजारी त्याच काचपेटीत पिट्सफिल्डच्या १७९१ च्या ठरावाची प्रतिकृती असावी, आणि ‘कुरियर’चे एखादे पिवळे पडलेले पानही, ज्यात गिब्सनचे नाव बारीक टायपात, चार आकड्यांसह, एका ओळीत छापलेले आहे.

उरलेल्या २५ टक्के सामन्यांचा शोध अजून चालू आहे. एखाद्या गावच्या ग्रंथालयात बंद पडलेल्या वृत्तपत्राचा गठ्ठा सापडतो, दोन सामने जुळतात, आकडे बदलतात. पुढच्या जुळणीत गिब्सनची ती ०.३७२ वर जाईल किंवा खाली येईल.